सातपुड्यातली शिकार आणि उंचीचा नकाशा

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या पश्चिम टोकाला मोलगी हे बाजाराचे गाव आहे. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून तिथे पोचता येते. आमचूर, भगर आणि मोहाची फुले यांच्या खरेदी-विक्रीसाठी ते ओळखले जाते. राजवाडी होळीचे काठी गाव तिथून जवळ आहे. मोलगीच्या उत्तरेला डोंगर एकामागून एक उतरत नर्मदेला भिडतात, पूर्वेला ते अक्राणीच्या पठारात मिसळतात. अक्राणी तालुक्यातील अस्तंबा शिखर १३२५ मीटर उंच आहे, तर नर्मदेच्या अंगाला सरदार सरोवराचे पूर्ण भरलेले पाणी १३८.६८ मीटरवर उभे राहते. दोन्हींत सुमारे ११८६ मीटरांचा फरक पडतो. अशा मुलखात जनावर कुठून चढते, दुपारी कुठे बसते आणि पाण्यावर कोणत्या वाटेने येते, हे झाडीइतकेच उंचसखलपणावर ठरते. त्यामुळे इथल्या शिकारीचा आणि इथल्या नकाशाचा इतिहास बराच काळ जोडीने चालला. पुढे शिकार बंद झाली. नकाशा मात्र अधिकाधिक बारीक होत गेला आणि त्याचे धनी बदलत गेले.

कागद येण्याआधी हा नकाशा माणसांच्या डोक्यात होता. भिल्ल आणि पावरा वस्ती पाड्यापाड्यांनी विखुरलेली असते. एक पाडा एका सोंडेवर, दुसरा नाल्यापलीकडे, घर आपापल्या शेताशेजारी. वडफळी, पिंपळखुटा अशी गावांची नावे झाडांवरून आणि फळीवरून, म्हणजे वस्तीच्या तुकड्यावरून पडलेली आहेत. याहून बारीक नावे घळींना, डोहांना, खडकांना आणि चढणींना असतात. गुरे राखणारे पोरही ती सांगू शकते. सर्वेक्षणाच्या नकाशात त्यांतली फार थोडी उतरली, आणि जी उतरली तीही पुष्कळदा मोडक्या रूपात.

शिकारीचे हत्यार तीरकामठे होते. बांबूचे कामठे आणि दोरीही बांबूच्या कामटीचीच. या हत्याराची खात्री थोड्या अंतरापुरती असते. बंदूक लांबून मारते, म्हणून बंदूकवाल्याचा अंदाज थोडा चुकला तरी चालून जाते. तीरकामठ्याला जनावर अगदी जवळ यावे लागते, आणि त्याला जवळ आणण्याचे काम जमिनीकडूनच करून घ्यावे लागते. दोन टेकड्यांमधली खिंड, कड्याखालून जाणारी एकच पायवाट, दोन नाल्यांचा संगम, पाणी टिकून राहणारा डोह ही अशी ठिकाणे होत. खानदेशात आणि गुजरातेत माग काढणाऱ्याला पागी म्हणतात. त्याचे काम पाऊल ओळखण्यावर संपत नसे. पाऊल कोणत्या दिशेला गेले आहे, त्या दिशेला पाणी किती दूर आहे आणि मधे चढ किती आहे हे जुळवून जनावर आता कुठे असेल ते त्याला सांगावे लागे.

बाहेरच्या माणसाला हा मुलूख कसा दिसे, याची एक जुनी आठवण मराठी वाचकांच्या ओळखीची आहे. नर्मदा परिक्रमेच्या वाटेवरची शूलपाणीची झाडी ती हीच, सातपुडा आणि विंध्य यांच्यामधल्या नर्मदेच्या खोऱ्यातली. परिक्रमावासी इथे लुटले जात, आणि लुटणाऱ्या भिल्लांना मामा म्हणण्याची पद्धत त्या कथांमधून रूढ झाली. यात्रेकरूला जे अरण्य वाट चुकवणारे वाटे, तिथे राहणाऱ्यांना त्यातली प्रत्येक नाळ ठाऊक होती. मणिबेलीचे शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पुढे धरणाच्या पाण्यात गेले.

मोठ्या शिकारीची पद्धत हाक्याची होती आणि तिच्यात जमिनीचे वाचन सर्वांत स्पष्ट दिसते. हाका साधारणपणे उन्हाळ्यात घालत. साग पानगळीने उघडा पडलेला असे, लांबचे दिसे आणि पाणी मोजक्या डोहांत उरलेले असे. सकाळी माग काढून जनावर कोणत्या दरीत बसले आहे ते नक्की करायचे. मग ती दरी पिशवीसारखी धरायची. हाकेकऱ्यांची रांग तळाकडून किंवा एका अंगाने आरडाओरडा करत, ढोल वाजवत पुढे सरके. दोन्ही बाजूंच्या धारांवर थोड्या थोड्या अंतराने माणसे झाडांवर बसवलेली असत; जनावर बगलेला वळू लागले की ती खोडावर हलकेच ठोकत आणि जनावर पुन्हा मधल्या वाटेला लागे. पिशवीचे तोंड म्हणजे वरची खिंड. मारणारा तिथे माचाणावर किंवा खडकाआड असे. माचाण खिंडीच्या नेमक्या मध्यावर बांधत नसत, कारण वर चढणारे जनावर समोर बघत येते. ते किंचित बाजूला, उताराच्या अंगाला बांधत.

वाऱ्याचा हिशेबही उंचीशी बांधलेला होता. डोंगराळ भागात रात्री गार हवा उतारावरून दरीत वाहते आणि ऊन चढल्यावर उलटी वर सरकते. पहाटे खाली बसलेल्या माणसाचा वास वरच्या जनावराला लागत नाही. दोन तासांनी तीच जागा निकामी होते. म्हणून हाका किती वाजता सुरू करायचा हा प्रश्न दरी कोणत्या दिशेला उघडते यावर सुटे. वर्षानुवर्षे त्याच डोंगरात वावरूनच हे ज्ञान येत असे.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला. त्याआधीच्या दोन दशकांत दुष्काळ, होळकर-पेशव्यांच्या लढाया आणि पेंढाऱ्यांच्या धाडी यांनी तो उजाड झाला होता. गावे ओस पडली होती, रान शेतांवर चढले होते, वाघांचा उपद्रव वाढला होता आणि डोंगरातले भिल्ल सरदार कोणालाच जुमानत नव्हते. पहिला राजकीय प्रतिनिधी जॉन ब्रिग्ज याने घाटवाटा अडवून आणि फौजा पाठवून बंदोबस्ताचा प्रयत्न केला. डोंगर माहीत नसलेल्या फौजेचा त्यात दमच निघाला. १८२५ साली धोरण बदलले. तीन भिल्ल एजन्सी नेमण्यात आल्या. त्यांपैकी वायव्येची एजन्सी तापीकाठच्या कुकरमुंड्याला होती आणि मोलगीच्या परिसरातली मेवासी संस्थाने तिच्याकडे होती. काठी, चिखली, सिंगपूर, नाला, नवलपूर आणि गव्हाळी ही ती छोटी डोंगरी संस्थाने. त्याच वर्षी भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचे काम जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे आले.

आउट्रमने भिल्लांना पलटणीत ओढले ते मुख्यतः शिकारीतून. त्यांच्यात जाऊन राहणे, त्यांच्या बरोबरीने पायी वाघामागे जाणे आणि जखमी वाघाचा माग सोडून न देणे यांमुळे त्याच्याबद्दल विश्वास बसला, असे त्याच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. खानदेशातील दहा वर्षांत १९१ वाघांच्या शिकारीत तो हजर होता, अशी नोंद सांगितली जाते. हा आकडा त्या काळी शौर्याचा मानला गेला. आज तो वाचताना आधी प्रश्न पडतो की एका जिल्ह्यात मारायला एवढे वाघ होते तरी कसे. शिकारीचा दुसरा उपयोग उघड होता. वाघामागे फिरताना वाटा, पाणवठे, खिंडी आणि कोणत्या सरदाराचे माणूस कुठे लपते हे सगळे कळत जाई. त्या काळी शिकार आणि टेहळणी यांच्यात फारसा फरक नव्हता. आउट्रमचे कौतुक इंग्रजी लेखनात भरपूर सापडते. त्याच्या पुढे चालणाऱ्या पाग्यांची नावे सहसा सापडत नाहीत. ही भिल्ल पलटण १८९१ पर्यंत टिकली आणि खानदेशचे कलेक्टर सिमकॉक्स यांनी १९१२ साली तिचा इतिहास लिहिला.

फौजी आणि मुलकी अधिकाऱ्यांच्या हातात तेव्हा जे नकाशे होते त्यांना उंची नीट दाखवता येत नव्हती. भारताचा मोठा ॲटलास एका इंचाला चार मैल या प्रमाणावर काढला जात होता. त्यात डोंगर हॅशूरने, म्हणजे उताराच्या दिशेने काढलेल्या बारीक तुटक रेघांनी दाखवत. रेघा दाट म्हणजे चढ तीव्र, विरळ म्हणजे सौम्य. दिसायला हे नकाशे फार देखणे. सातपुडा त्यांत एखाद्या केसाळ सुरवंटासारखा पसरलेला दिसतो. पण दोन धारांपैकी उंच कोणती आणि मधली खिंड किती खाली उतरते, हे त्यावरून सांगता येत नसे. शिकाऱ्याला नेमके तेच हवे असते. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात साहेब नकाशा घेऊन तंबूपर्यंत येई आणि तंबूपासून पुढे पाग्याच्या मागे चालू लागे.

समोच्च रेषेने हे बदलले. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेली ठिकाणे जोडणारी ही रेषा असते. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा, दूर गेल्या की पठार. रेषा चढाच्या बाजूला टोकदार वळल्या तर तिथून नाला येतो, उताराच्या बाजूला वळल्या तर ती सोंड. दोन उंचवट्यांच्या बंद वर्तुळांमध्ये रेषा कमरेसारख्या आवळल्या तर ती खिंड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय सर्वेक्षण विभागाने जी नवी रंगीत पत्रके काढायला घेतली त्यांत पाणी निळ्या रंगाने, झाडी हिरव्याने आणि समोच्च रेषा तपकिरी रंगाने छापल्या जाऊ लागल्या. प्रमाण एका मैलाला एक इंच. या पत्रकाने पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाला डोंगरात पाऊल टाकण्याआधी हाक्याची दरी कागदावर निवडता येऊ लागली.

पत्रकांची मांडणी आजही तीच आहे. मोलगी ज्या चौकोनात येते त्याचा क्रमांक ४६. तो २० ते २४ उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश एवढा भाग व्यापतो. त्याचे ए ते पी असे सोळा भाग, आणि प्रत्येक भागाची पुन्हा सोळा पत्रके. मेट्रिक पद्धत आल्यावर प्रमाण एकास पन्नास हजार झाले, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. एका पत्रकात या अक्षांशावर सुमारे २८ किलोमीटर उंच आणि २६ किलोमीटर रुंद मुलूख मावतो, म्हणजे साधारण ७०० चौरस किलोमीटर. डोंगराळ भागात दोन रेषांमध्ये वीस मीटरांचे अंतर असते. अस्तंब्याच्या माथ्यापासून सरोवराच्या पाण्यापर्यंत उतरताना या हिशेबाने एकूण साठ रेषा ओलांडाव्या लागतील.

वीस मीटर म्हणजे सहासात मजली इमारत. तेवढ्या उंचीत सांबर उभे राहील असा खळगा, अस्वलाची कपार आणि माणसाला चढता न येणारा दहा मीटरांचा कडा हे सगळे नकाशावर पत्ता न लागता लपून राहते. उन्हाळ्यात कोणत्या डोहात पाणी टिकते हे पत्रक सांगत नाही, मोह कुठे फुलला हेही सांगत नाही. पाड्यांची नावे चुकलेली, पायवाटा जुन्या. एवढे असूनही डोंगराचा सांगाडा त्यात बिनचूक असतो. सांगाड्यावरून काय शोधायचे हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी ते उत्तम साधन आहे. नवख्याला त्यात केवळ तपकिरी गुंता दिसतो.

नकाशा सुधारत होता तेव्हाच रानाची मालकी बदलत होती. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली, त्याच वर्षीच्या शस्त्र कायद्याने बंदूक परवान्याखाली आली, आणि १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलातली शिकार नियमांनी बांधली. जंगलाचे ब्लॉक पाडून, कोणी कधी आणि किती जनावरे मारायची याचे परवाने देण्याची पद्धत रुळली. ब्लॉकच्या हद्दी नकाशावर नाल्यांनी आणि धारांनी आखलेल्या असत. कामठे घेऊन रानात जाणारा भिल्ल या मांडणीत गुन्हेगार ठरला आणि परवाना घेऊन आलेला पाहुणा त्यालाच रोजाने हाकेकरी म्हणून लावू लागला. या काळातल्या शिकारकथा मजेने वाचल्या जातात, पण हा उलटफेर त्यांत क्वचितच दिसतो.

सातपुड्यात जमीन मोजणारे आणि शिकार करणारे पुष्कळदा एकच होते. १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरच्या पुस्तकाचा लेखक जेम्स फोर्सिथ हा वनाधिकारीही होता आणि शेजारच्या निमाडचा जमाबंदी अधिकारीही. त्याच्या लेखनात वाघाचा माग आणि सागाच्या झाडीची मोजदाद एकाच प्रकरणात येतात. याच परंपरेचा अभ्यासू शेवट म्हणजे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने हाती घेतलेले सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण. त्याचा पहिला अहवाल १९१२ साली निघाला आणि तो खानदेशचा होता. क्रम्प या संग्राहकाने गोळा केलेल्या नमुन्यांवर रॉटन यांनी तो लिहिला. जनावर मारले जातच होते, पण आता त्याच्यासोबत ठिकाण आणि उंची यांची चिठ्ठी बांधली जाऊ लागली. कातडे भिंतीवर लावणाऱ्याला उंचीशी काही देणेघेणे नसते, संग्राहकाला असते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली वन्यप्राणी आणि पक्षी संरक्षणाचा कायदा केला. शिकार चालू राहिली, नियम वाढले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हाही ठरावीक जनावरांसाठी परवान्याची वाट उघडी होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ पूर्ण बंद झाली. आज महाराष्ट्रात हौसेची कायदेशीर शिकार अस्तित्वात नाही. माणसांवर उलटलेले जनावर किंवा पिके उद्ध्वस्त करणारी रानडुकरे यांच्याबाबत अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीने काही करता येते, तेवढेच. पश्चिम सातपुड्यात तोवर मारायला फारसे उरलेही नव्हते. साग तोडला गेला होता, उतार उघडे पडले होते, वाघ गेला होता. वाघदेवाची पूजा मात्र पाड्यांवर चालू राहिली.

याच काळात मोलगीच्या उत्तरेच्या गावांना समोच्च रेषेची ओळख झाली ती वेगळ्याच कारणाने. १९७९ साली नर्मदा जलविवाद लवादाने सरदार सरोवराची पूर्ण पाणीपातळी ४५५ फूट ठरवली. मीटरमध्ये ती १३८.६८. महाराष्ट्रातील तेहतीस गावे त्याखाली येणार होती आणि त्यांपैकी नऊ अक्कलकुवा तालुक्यातली : मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, सिंदुरी, गमन, बामणी, डनेल, मुखडी, मांडवा. कोणाचे घर बुडणार आणि कोणाचे वाचणार हे आता नकाशावरची एक रेषा ठरवत होती. धरण टप्प्याटप्प्याने उठत गेले. नव्वदीच्या मध्याला ते ८० मीटरवर अडले, १९९९ साली ८५ पर्यंत परवानगी मिळाली, १८ ऑक्टोबर २००० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ९०, मग ९५, १००, ११० आणि २००६ मध्ये १२१.९२. २०१७ साली दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पूर्ण पातळीला पोचले. प्रत्येक आकड्याबरोबर डोंगरउतारावर एक नवी रेषा आखली जाई, दगड रोवले जात आणि त्या दगडांच्या जागेवरून भांडणे होत. पावसाळ्यात नदी फुगली की पाणी आखलेल्या रेषेच्या वर येई, कारण धरणामागचा फुगवटा सपाट नसतो. शिकाऱ्याला वीस मीटरांची रेषा पुरेशी वाटत असे. इथे एका मीटरने घर जाई. समोच्च रेषेचा इतका कडक अर्थ या डोंगरात त्याआधी कधी लागला नव्हता.

दुसरा बदल वनहक्क कायद्याने आणला. २००६ चा हा कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वी कसत असलेल्या वनजमिनीवर चार हेक्टरपर्यंत हक्क देतो आणि गावाचा सामूहिक वनहक्कही मान्य करतो. मात्र दावा सिद्ध करायला जमीन दाखवावी लागते. अक्कलकुवा आणि अक्राणीतल्या अनेक वनगावांची महसुली मोजणी कित्येक दशके झालेलीच नव्हती, मग सातबारा कुठून आणायचा? तेव्हा हातात मावणारे जीपीएस यंत्र कामाला आले. माणूस शेताच्या कडेने चालतो, वळणावर थांबतो, यंत्र उपग्रहांकडून जागा नोंदवते आणि संगणकावर शेताचा आकार उमटतो. शेजारच्या गुजरातेतील सागबारा आणि डेडियापाडा तालुक्यांत आर्च-वाहिनी या संस्थेने ग्रामसभांसोबत असे नकाशे काढून ते उपग्रहचित्रांवर बसवले. सामूहिक हक्काची हद्द चालताना पुढे गावातले म्हातारे असत, कारण धार कुठे संपते आणि शेजारचा शिवार कुठे लागतो हे तेच सांगू शकत. पाग्याचे ज्ञान या निमित्ताने पहिल्यांदा सरकारी कागदावर आले. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये परंपरेने चालत आलेले सगळे हक्क मान्य करताना एक अपवाद स्पष्ट लिहिला आहे : शिकार करण्याचा किंवा सापळा लावण्याचा हक्क नाही.

उंचीचे आकडे सर्वांना मिळू लागले ते एकविसाव्या शतकात. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीचा बहुतेक भूभाग मोजला. त्यातून जगाची उंचीची जाळी तयार झाली. आधी नव्वद मीटरच्या घरांची, पुढे तीस मीटरच्या घरांची. भारताने मे २००५ मध्ये कार्टोसॅट-१ उपग्रह सोडला. त्यावर एकाच जागेची दोन कोनांतून चित्रे घेणारे दोन कॅमेरे होते, आणि माणसाच्या दोन डोळ्यांप्रमाणे त्यांवरून खोली काढता येते. ही माहिती इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर खुली झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे बहुतेक निर्बंध उठवले. त्याआधी, २०१७ पासून, सर्वेक्षण विभागाची एकास पन्नास हजारची खुली पत्रके नक्षे या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येऊ लागली होती. एकेकाळी कॅम्पच्या टेबलावर पसरलेले पत्रक आता मोलगीच्या बाजारात उभ्या असलेल्या कोणाच्याही मोबाइलमध्ये मावते.

क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उंचीची जाळी उघडली की पाग्याच्या डोक्यातला हिशेब तुकड्यातुकड्यांनी पडद्यावर येतो. उताराचा नकाशा रंगवून काढला की कडे वेगळे दिसतात. कोणता उतार दक्षिणेकडे तोंड करून उन्हात भाजतो आणि कोणता उत्तरेकडे वळून ओलावा धरतो हे कळते. नाल्यांचे जाळे आपोआप आखले जाते. एखाद्या उंचवट्यावर उभे राहिल्यास काय दिसेल आणि काय झाकले जाईल, हेही संगणक सांगतो. खिंडी शोधणे तर त्याला सर्वांत सोपे. अमेरिकेत, जिथे हरणांची हंगामी शिकार कायद्याने चालते, तिथे याचा मोठा धंदा झाला आहे. मोंटाना राज्यातील ऑनएक्स ही कंपनी २००९ पासून शिकाऱ्यांना जमिनीच्या मालकीच्या हद्दी आणि चढउतार दाखवणारे नकाशे विकते, आणि विमानातून लेसर सोडून मोजलेली एक मीटर घरांची उंचीमाहिती तिथल्या सरकारने मोठ्या भागासाठी फुकट ठेवली आहे. त्यात झाडी बाजूला सारून खालची जमीन दिसते. जनावरांच्या जुन्या पायवाटाही कधी कधी उमटतात.

सातपुड्यासाठी इतकी बारीक माहिती सर्रास मिळत नाही. तीस मीटरच्या घरात आठदहा मीटर रुंदीचा नाला हरवून जातो. दाट झाडीत रडार जमिनीऐवजी शेंड्यांची उंची पकडते, त्यामुळे सागाचे दाट रान टेकडीसारखे फुगते आणि तुटलेले रान खळग्यासारखे दिसते. अरुंद घळीत जीपीएसला आकाश कमी दिसते आणि जागा काही मीटर सरकते. वीस मीटरच्या रेषेची जुनी अडचण नव्या रूपात राहिलीच आहे.

या साधनांची चोरट्या शिकारीशी गाठ पडणे अटळ होते. २०१३ साली मध्य प्रदेशातील पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या एका वाघाच्या जीपीएस पट्ट्याची माहिती ज्या ईमेल खात्यावर येत असे, त्यात पुण्याहून कोणीतरी शिरण्याचा प्रयत्न केल्याचे उघड झाले. तेव्हापासून जनावरांच्या जागांची माहिती जपून ठेवण्याकडे लक्ष गेले. आउट्रमच्या काळी वाघाची बातमी आणणाऱ्याला बक्षीस मिळत असे. आता तीच बातमी लपवणे हे वनखात्याचे काम झाले आहे.

उलट्या बाजूने, शिकाऱ्याची विद्या आता मोजणीला लागली आहे. २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत वनरक्षक ठरलेल्या वाटेने चालतो, पाऊल, विष्ठा, नखांचे ओरखडे यांची नोंद घेतो आणि मोबाइल ती जागा व वेळेसह साठवतो. स्वयंचलित कॅमेरे लावायचे ठिकाण निवडताना खिंड, नाल्यांचा संगम, धारेवरची पायवाट आणि पाणवठा हेच पाहिले जाते. जिथे पूर्वी माचाण बांधत, तिथे आता झाडाला कॅमेऱ्याची पेटी बांधतात. तळोदा-अक्कलकुव्याच्या पायथ्याला उसात शिरलेल्या बिबट्यासाठी पिंजरा लावतानाही तो डोंगरातून कोणत्या नाल्याने उतरतो हे आधी काढावे लागते.

मोलगीच्या परिसरातले रान आज मेवासी वनविभागाकडे आहे. त्याचे मुख्यालय तळोद्याला असून नाव जुन्या संस्थानांचेच टिकून आहे. राज्यातल्या अभयारण्यांत वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळच्या झाडांवर अजूनही माचाणे बांधली जातात. त्यांवर वनकर्मचारी आणि हौशी निसर्गप्रेमी वही-पेन्सिल घेऊन रात्रभर बसतात आणि पाण्यावर आलेली जनावरे मोजतात.